पाठ कापलेली पुस्तकं

माझा मामा बाइंडर होता. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, एका लांबट खोलीत त्याने चौतीस वर्षं पुस्तकं बांधली. शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळे वाचायचा तो अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत. पण पुस्तक हातात आलं की उघडायच्या आधीच त्याच्याबद्दल चार गोष्टी सांगायचा. पुस्तक मिटून कडेने पाहिलं की पानांचा कुठला पट्टा मळलाय ते दिसतं. तेवढाच भाग लोकांनी वाचलेला असतो. "हे बघ," म्हणायचा, "एवढा जाडजूड ग्रंथ, आणि माणसं तिसाव्या पानावरूनच घरी गेली."

आई गेल्यावर मी मामाकडेच वाढले. शाळा सुटली की घरी न जाता सरळ तळघरात जायचे. खोलीला एकच खिडकी होती, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. भिंतीशी लोखंडी दाबयंत्र, मधे लांब टेबल, टेबलावर दाभण, मेणातून ओढलेला दोरा, पुठ्ठ्याचे तुकडे आणि खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये म्हणून मामा त्यात मोरचूद घालायचा, त्यामुळे त्याच्या बोटांची टोकं कायम निळसर असायची. जेवायला वाढायच्या आधी मामी त्याचे हात उलटेसुलटे करून बघायची.

"अहो, विष आहे ते. कीड वाचत नाही त्यातून, तुम्ही काय वाचणार आहात?"

"मी कुठे वाचतो," मामा म्हणायचा, "मी फक्त बांधतो."

ग्रंथालयात त्याला सगळे दाभण म्हणायचे. उंच, काटकुळा आणि मानेतून जरा पुढे वाकलेला, म्हणून असेल. एकट्या ग्रंथपाल बाई त्याला 'बाइंडर' म्हणत, आणि अहो-जाहो करत.

बाईंचा दरारा मोठा होता. वाचनकक्षात कुणी खुर्ची ओढली तरी त्या चष्म्यावरून बघायच्या आणि तो माणूस ती खुर्ची उचलून परत ठेवायचा. पण दुपारी चार वाजता त्या जिना उतरून मामाच्या खोलीत चहाला यायच्या, तिथलं उंच स्टूल त्यांच्या पाठीला बरं पडायचं म्हणून. चहा पिताना त्या एका ग्रंथालयाबद्दल बोलायच्या, जे कुठेच नव्हतं. आपल्या आधीच्या ग्रंथपालांकडून त्यांनी ते ऐकलं होतं, की स्वतःच रचलं होतं, ठाऊक नाही. त्या ग्रंथालयात म्हणे आजवर कुणालाही जे जे कळलं ते सगळं होतं. नुसते पंडितांचे ग्रंथ नाहीत. कुणा स्वयंपाकिणीला कळलेलं, कुणा गवंड्याला कळलेलं, तेसुद्धा. आणि कुणीही दारातून आत जाऊन विचारावं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला ते खरंच वाटायचं. मामालाही वाटायचं, असं मला आता वाटतं, कारण तो प्रश्न विचारायचा ते अगदी कामाचे.

"तिथे बांधणीला किती माणसं असतील?"

"तिथली पुस्तकं फाटत नाहीत, बाइंडर."

मामाने दोरा मेणातून ओढला. "मग ती कुणी वाचत नसेल."

बाई हसल्या होत्या. फार क्वचित हसायच्या त्या.

मामाला त्या ग्रंथालयाची ओढ असायचं एक कारण होतं. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, विहिरी खणायचे. शहरात नळ यायच्या आधीच्या निम्म्या विहिरी त्यांच्या आणि त्यांच्या टोळीच्या हातच्या. आजोबांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या उतारवयात शाळेतले एक चित्रकलेचे मास्तर वर्षभर त्यांच्यामागे वही घेऊन फिरले आणि आजोबा सांगतील ते त्यांनी उतरवून घेतलं. त्याचं एक छोटं पुस्तक निघालं. शहरातल्या एक्केचाळीस विहिरी: कुठली किती खोल, किती हातांवर खडक लागला, पाणी गोड की मचूळ, पायऱ्या की नुसता दोर. आणि कुठल्या विहिरीत वाईट हवा आहे. काही विहिरींच्या तळाला विषारी हवा साचते; तिला वास नसतो, रंग नसतो, उतरणाऱ्या माणसाची खाली पोचेपर्यंत शुद्ध हरपते. 'आधी दोराला कंदील बांधून सोडावा, विझला तर उतरू नये,' असं त्यात लिहिलं होतं. ज्या माणसाचा अशा विहिरीत जीव गेला त्याचं नाव आणि वर्षसुद्धा होतं. पहिल्या पानावर मास्तरांनी आजोबांचे आभार मानले होते. आमच्या घरातल्या कुणाचं नाव छापून आलेलं ते तेवढंच.

पुस्तकाच्या प्रती थोड्याच निघाल्या. घरातली प्रत वाळवीने खाल्ली. मास्तरांच्या मागे कुणी नव्हतं. उरली ती एकच, ग्रंथालयातली, आणि ती मामाने दोनदा नव्याने बांधली होती. तिच्या पाठीवर चांगलं हिरवं कापड होतं.

पुढे मी शिकले, दवाखान्याच्या नोंदणी विभागात लागले आणि घरी कॉम्प्युटर आणला. इंटरनेट जोडलं त्या रविवारी मामा माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसला, हात गुडघ्यावर, फोटो काढायला बसल्यासारखा. म्हणाला, "विचार, बांधलेलं पुस्तक उघडताना कडकड का वाजतं." मी विचारलं. कुठल्या कुठल्या परदेशातल्या बाइंडरांनी लिहिलेलं निघालं, चित्रांसकट. मी वाचून दाखवत गेले आणि मामा मान हलवत गेला. एका चित्रात एका म्हाताऱ्याचा हात होता, त्या हातातलं दाभण मामाच्या दाभणासारखंच होतं. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"बाईंचं ग्रंथालय झालं की गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते बाईंना सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तिथे ग्रंथपाल कोण आहे?"

मामाने मला येऊन विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, त्याची गरजच नाही. मामाने ते उत्तर बाईंना पोचवलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी ग्रंथालयात प्रकल्प आला. सगळी जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची, म्हणजे जगात कुठेही बसून कुणालाही वाचता येतील. काम बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं होतं. तिचा साहेब तरुण होता, बोलायला गोड, आणि बाई सोडल्या तर तळघरात येऊन मामाच्या टेबलाशी उभा राहून बोलणारा वरून आलेला तो पहिलाच माणूस. त्यांचं यंत्र मिनिटाला शंभर पानं ओढायचं, पण पानं सुटी हवीत. म्हणजे पुस्तकाची पाठ कापायची, सरळ, एका रेषेत, पानाला धक्का न लावता. ते काम मामाइतकं चांगलं कुणाला जमणार?

"आणि मग?" मामाने विचारलं. "कापलेल्याचं काय?"

"परत बांधायची की. तुम्हीच बांधायची. सावकाश."

बाईंनी समितीच्या बैठकीत विरोध केला. त्या म्हणाल्या, एकेक पान उलटून फोटो काढता येतात, वेळ लागेल इतकंच. समितीला वेळ नव्हता. बैठकीनंतर त्या खाली आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत.

"बाइंडर, तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना निदान दोन महिने दुसरा माणूस शोधावा लागेल."

मामा खळ ढवळत होता. "बाई, तुम्हीच सांगायचात ना. सगळ्यांचं, सगळ्यांसाठी."

"सांगायचे," बाई म्हणाल्या. "सुरी घेऊन या, असं नव्हते सांगत."

त्या वर गेल्या आणि पुन्हा चहाला आल्या नाहीत. आठ महिन्यांनी निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, मामालाही केला, पण बोलल्या नाहीत.

मामाने अडीच वर्षं पुस्तकं कापली. मोठं कटिंग मशीन तळघरात आणून बसवलं होतं, त्याचा दांडा ओढला की घरात दार आपटावं तसा आवाज व्हायचा. पुष्कळशी बांधणी त्याच्याच हातची होती. कापल्यावर पाठीची पट्टी खाली पडायची, शिलाईसकट, आणि मामा ती उचलून टाके बघायचा. घरी येऊन सांगायचा, "आज एक सापडलं, मी लागलो त्या वर्षीचं. काय टाके घालत होतो मी, लाज वाटली." हसायचाही. त्या काळात तो दुःखी नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्याला वाटत होतं की तो त्या मोठ्या ग्रंथालयात सामान पोचवतोय.

आजोबांच्या पुस्तकाची पाळी आली ते त्याने घरी सांगितलं. मामी म्हणाली, "तेवढं एक घरी घेऊन या. कुणाला कळणार आहे?"

"चोरी करू?"

"तुमच्या वडिलांचं आहे."

"म्हणूनच," मामा म्हणाला. "घरी आणलं तर आपण तिघं बघणार. तिथे गेलं की सगळे बघतील."

ते त्याने स्वतः कापलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बावन्न पानं होती. ती त्याने मोजून, नीट ठोकून, दोऱ्याने बांधून वर पाठवली.

प्रकल्प संपला. सुट्या पानांचे गठ्ठे मागच्या व्हरांड्यात छतापर्यंत रचले होते. मामाने नवं कापड मागवलं, पुठ्ठा मागवला, दोऱ्याची रिळं मेणातून ओढून ठेवली. कुठल्या क्रमाने बांधायचं ते ठरवलं. महिना गेला, दोन गेले. एका सकाळी तो कामावर गेला तर व्हरांडा रिकामा होता आणि शिपाई झाडू मारत होता. गठ्ठे कागदाच्या गिरणीत गेले होते, लगद्यासाठी. जागा नव्हती, आणि आता सगळं कॉम्प्युटरवर होतंच.

मामा साहेबाला फोन करायला वर गेला. साहेब दुसऱ्या शहरात दुसऱ्या प्रकल्पावर होता. फोनवर तो फार चांगलं बोलला. म्हणाला, "अहो मामा, पुस्तक म्हणजे कागद थोडाच असतो?"

घरी येऊन मामाने मामीला एवढंच सांगितलं की व्हरांडा मोकळा झाला. त्या दिवशी तो जेवला, नेहमीच्या वेळी झोपला. निवृत्तीला अजून सात महिने होते. ते त्याने मासिकांचे अंक शिवत काढले.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "चल, बाबांचं पुस्तक दाखव."

मी त्या प्रकल्पाची साइट उघडली. पुस्तकाचं नाव टाकलं. नाव आलं, मास्तरांचं नाव आलं, छापल्याचं वर्ष आलं. सगळं बरोबर. मामा पुढे सरकला. मी नावावर दाबलं आणि पहिलं पान उघडलं. ती शिवणयंत्राची माहितीपुस्तिका होती. सुई कशी बसवावी, तेल कुठे घालावं. मी पुढे गेले, मागे गेले. बावन्न पानंही नव्हती, छत्तीस होती.

"चुकून दुसरं दाबलंस," मामा म्हणाला.

मी पुन्हा केलं. मग शिवणयंत्राच्या पुस्तिकेचं नाव टाकून बघितलं. अदलाबदल झाली असेल तर आपलं तिकडे असेल. तिथे काहीच नव्हतं. एकेक करत मी विहीर, पाणी, खणणं, जे सुचेल ते टाकलं. महिनाभर रोज, कामावरून आल्यावर. मामा शेजारी बसायचा. पुढे पुढे मी नुसती कुठलीही पुस्तकं उघडायला लागले. काहींची पानं उलटी होती. काहींची निम्मीच होती. एका कादंबरीच्या पानापानावर काळी तिरपी सावली होती, यंत्रात धूळ गेल्यासारखी. बरीचशी बरोबरही होती. ते मान्य करायला हवं. साइटवर तक्रारीची जागा होती, तिथे लिहिलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं लगेच आलं, इतक्या लगेच की कुणी वाचलं नसणार हे मामालाही कळलं.

वर्षभराने साइटच उघडेना. मग तिच्या जागी एक ओळ आली: ही सेवा बंद करण्यात आली आहे. कंपनी बुडाली होती की विकली गेली होती, ग्रंथालयात कुणाला सांगता आलं नाही. तिथे पानांच्या फाइलींचा एक संच ठेवलेला होता म्हणे, पण तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्र आता नव्हतं.

तेव्हा मामा बाईंकडे गेला. मला बरोबर नेलं, एकट्याला धीर झाला नसता. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं, आम्हाला बसवलं, चहा केला. मामाने सगळं सांगितलं, व्हरांड्यापासून. बाई ऐकत राहिल्या.

"रॅकवरचं पुस्तक गेलं ना, बाइंडर, की फट दिसते," त्या म्हणाल्या. "मी त्या फटीत हात घालून सांगू शकायचे, इथे काय होतं, कुणी नेलंय. कधी परत आणणार तेही विचारायला माणूस होता. ह्या तुमच्या ग्रंथालयात फट पडतच नाही. काहीही गेलं तरी ते भरलेलंच दिसतं."

मामा खाली बघत होता. त्याच्या बोटांचा निळसरपणा आता गेला होता.

"मी चुकलो, बाई."

बाई काही तरी बरं बोलतील असं मला वाटलं. त्यांनाही बोलायचं असावं, त्यांचे ओठ हलले. पण त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मीही. मी तुम्हाला त्याच्या गोष्टी सांगायला नको होत्या."

आम्ही बसने परत निघालो. घराजवळच्या थांब्यावर उतरताना मामा म्हणाला, "मला आठवतंय बरंचसं. बाबा सांगायचे ना. तू लिहून घे."

पुढचे कितीतरी रविवार मी लिहून घेतलं. मामा डोळे मिटून सांगायचा. एक्केचाळीसपैकी एकोणतीस विहिरी त्याला आठवल्या. कधी म्हणायचा, "थांब, ही आणि ती एकत्र होतायत." मग मामीला विचारायचा, तिला काय ठाऊक असणार. जे झालं ते मी टाइप केलं आणि इंटरनेटवर एक पान करून टाकलं. वर आजोबांचं नाव घातलं. मामाने पडद्यावर बोट ठेवून ते नाव अक्षर-अक्षर वाचलं. त्या दिवशी तो खुशीत होता. मामीने विचारलं, "आता झालं ना समाधान?" तर म्हणाला, "निम्मं."

आठ-दहा महिन्यांनी एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. बरोबर त्यांची नात होती, माझ्याच वयाची. म्हातारे मामापेक्षाही मोठे, श्वास लागलेला. आजोबांच्या टोळीत ते अगदी तरुणपणी होते. नातीने त्यांना पान वाचून दाखवलं होतं आणि पत्ता शोधून आणलं होतं. मामाने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, वडिलांना ओळखणारं माणूस भेटलं म्हणून त्याला काय करू नि काय नको असं झालं.

"छान केलंत," म्हातारे म्हणाले. "पण एक चुकलंय. साबणाच्या कारखान्यामागच्या विहिरीत वाईट हवा, असं लिहिलंय. ती चांगली विहीर. मी कितीदा उतरलोय तिच्यात."

"मग वाईट कुठली?"

"जुन्या छापखान्यामागची. माझा थोरला भाऊ तिच्यातच गेला." ते थांबले, श्वास घेतला. "तुमच्या पानावर ती उतरायला सोपी म्हणून लिहिली आहे. पायऱ्या आहेत, म्हणून. पायऱ्या आहेत, ते खरं आहे. त्यानेच तर माणूस फसतो."

मामाने विचारलं, "बाबांच्या पुस्तकात बरोबर होतं का?"

"पुस्तकात बरोबर होतं. भावाचं नाव होतं. माझ्या आईला मास्तरांनी वाचून दाखवलं होतं."

ते गेल्यावर मी लगेच आमचं पान दुरुस्त केलं. दोन मिनिटांचं काम. पण तोवर ते पान आमचं एकट्याचं राहिलं नव्हतं. शहराची माहिती देणाऱ्या एका साइटने ते उचललं होतं, तिच्यावरून दुसरीने, तिच्यावरून आणखी कुणी. आजोबांचं नाव कुठेच नव्हतं. चूक मात्र सगळीकडे जशीच्या तशी. फोनला तोंडी विचारलं तरी फोन ठाम आवाजात सांगायचा, छापखान्यामागची विहीर सुरक्षित आहे. मामाने मला तीन-चारदा विचारायला लावलं, जणू कधी तरी उत्तर बदलेल.

मी अकरा ठिकाणी लिहिलं. दोघांचं उत्तर आलं. एकाने आभार मानले आणि काहीच केलं नाही. दुसऱ्याने मात्र मनापासून लिहिलं होतं. तो म्हणाला, आधीची माहिती अनेक ठिकाणी तशीच आढळते. तुम्ही म्हणता ते वेगळं आहे, तर त्याला आधार हवा. एखाद्या छापील पुस्तकाचा दाखला देऊ शकाल का?

मी ते मामाला वाचून दाखवायला नको होतं. पण तो शेजारीच बसला होता, आणि पडद्यावरची अक्षरं आता त्यालाही थोडी लागायची. 'पुस्तकाचा' हा शब्द त्याने स्वतःच वाचला.

"बरोबर विचारतोय तो," मामा म्हणाला. आणि उठून आत गेला.

त्यानंतर तो त्या विहिरीकडे जायला लागला. छापखाना कधीच बंद पडला होता, आवाराला पत्र्याचं कुंपण होतं आणि फाटकाशी एक राखणदार. मामाने पुठ्ठ्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खाली उतरू नये. वाईट हवा.' अक्षरं त्याला मी आखून दिली होती. राखणदाराने आठवडाभर पाटी राहू दिली, मग काढली. मामाने दुसरी नेली. तिसरी नेली तेव्हा मी बरोबर होते.

"आजोबा, मालक मला ओरडतात," राखणदार म्हणाला. वाईट माणूस नव्हता. "जागा विकायची आहे. तुम्ही विहिरीला नावं ठेवता. आणि हे बघा, चांगली विहीर आहे, सगळीकडे लिहिलंय." त्याने फोन काढून मामापुढे धरला.

मामाने फोनकडे बघितलंही नाही. "ते मीच सांगितलंय," तो म्हणाला.

राखणदाराने माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे. "तुम्हीच सांगितलंय, आणि आता तुम्हीच उलटं बोलताय. मी कशावर विश्वास ठेवू?"

मामा पाटी काखेत धरून उन्हात उभा राहिला. मी त्याचा दंड धरला आणि आम्ही घरी आलो.

पुढे त्याचं चालणं कमी झालं, मग बोलणं. खिडकीशी बसून असायचा. मामी त्याला बळेच बाहेर काढायची, शेजाऱ्यांकडे न्यायची, तिथेही तो ऐकून घ्यायचा आणि परत येऊन बसायचा. एकदा मला म्हणाला, "मी काहीच केलं नसतं ना, नुसता खळ ढवळत बसलो असतो, तर आज ते रॅकवर असतं." मी म्हटलं, तू नाही तर दुसऱ्या कुणी कापलं असतं. "असतं," तो म्हणाला. "पण मग तो चुकला असता." त्या थंडीत त्याला छातीचा त्रास झाला आणि दहा दिवसांत तो गेला. बाईंना मी कळवलं होतं. त्या आल्या, काठी टेकत, जिना चढून. मामीच्या शेजारी तासभर बसल्या आणि गेल्या.

छापखान्याची जागा शेवटी विकली गेली. मी नव्या मालकाच्या कार्यालयात एक कागद देऊन आले. काउंटरवरच्या मुलीने त्यावर शिक्का मारला, पोच दिली आणि कागद ट्रेमध्ये ठेवला. गेल्या महिन्यात बसमधून जाताना दिसलं, पत्र्याचं कुंपण काढलेलं होतं आणि आत माणसं होती, दोर होता. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत गेले. मुकादम चहा पीत होता. मी त्याला सांगितलं की ही विहीर वाईट आहे, आधी कंदील सोडून बघा, इथे माणूस गेलेला आहे. त्याने नीट ऐकून घेतलं. कोण, कधी, असं विचारलं. नाव मला सांगता आलं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांना मी त्यांच्या भावाचं नाव विचारलंच नव्हतं, आणि ते आता नव्हते.

"बघतो, ताई," मुकादम म्हणाला.

त्याने खिशातून फोन काढला. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले. मग माझी कामाची वेळ झाली.